एमजीबीचे पुढचे हब : बेअरिंग, सील आणि नसलेला स्पेसर

शनिवार, २ मार्च २०२४

गेले तीन आठवडे डावीकडे वळताना गाडी घरघरते आहे. सरळ रस्त्यावर काही नाही. केनिलवर्थच्या वाटेवर एक लांब डावं वळण आहे, तिथे ताशी चाळीस मैलांच्या आसपास जात्यासारखा आवाज सुरू होतो आणि वळण संपलं की थांबतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय उजव्या पुढच्या चाकावर. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. अशा वळणानंतर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जातं, लगेच पुन्हा दाबलं तर नेहमीसारखं लागतं.

गाडी १९७३ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घरापासून ॲबिंग्डन गाडीने सव्वा तासावर आहे. इथे ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. लोकांना ती सवलत वाटते, मला ती जबाबदारी वाटते. ही चाकं आता माझ्याशिवाय कोणी हलवून बघणार नाही.

पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली. उजवं चाक वरून-खालून धरून हलवलं तर खट्. नवऱ्याला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं, तर खट् गेला. ब्रेक लागला की कॅलिपर डिस्कला आवळतो आणि हब, म्हणजे चाक ज्याला जोडलेलं असतं तो फिरणारा मधला भाग, जागेवर घट्ट होतो. तरीही खेळ, म्हणजे सैलपणा, राहिला असता तर दोष किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिचा. इथे तो नाहीसा झाला, म्हणजे बेअरिंग. पेडलचं कोडंही यातच सुटलं. वळणावर हब वाकडा होतो, त्याच्यासोबत डिस्क डोलते आणि ब्रेक पॅड मागे ढकलले जातात. पहिला दाब ती पोकळी भरण्यातच जातो.

रविवार, ३ मार्च

उजवा हब उघडला. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने स्प्रिंगला टांगला. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन येता कामा नये. धुळीची टोपी काढली तर आत ग्रीस गच्च भरलेलं. एमजीबीत टोपी भरायची नसते. गरम झालेल्या ग्रीसला पसरायला जागा राहत नाही आणि ते ग्रीस अडवणाऱ्या मागच्या सीलमधून वाट काढतं. उजव्या डिस्कच्या आतल्या अंगाला काळा ओघळ होताच.

स्प्लिट पिन काढली. नट पान्ह्याशिवाय, दोन बोटांनी फिरला. हा नट किमान ४० फूट-पाउंडांनी आवळलेला असायला हवा. पुलर लावायचीही गरज पडली नाही, हब हातात आला. बाहेरचं बेअरिंग निघालं आणि त्याच्यामागे मोकळी जागा. स्पेसर नाही. शिम एकही नाही.

हात तिथेच थांबले. पाच मिनिटं मी नुसती टॉर्च धरून आत बघत होते.

या गाडीत पुढच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असा पोलादी स्पेसर असतो. रुंद टोक आतल्या बेअरिंगकडे. त्याच्या आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या, बसतात. हे काम मागे ज्या गॅरेजात झालं असेल, तिथे कोणीतरी तो काढून ठेवला आणि नट हलका लावून, एक खाच मागे घेऊन पिन मारली. बऱ्याच साध्या गाड्यांना तसंच करतात, आणि त्या गाड्यांना ते बरोबरही आहे. शिम मोजून लावायला एक दुपार जाते, स्पेसर काढला की दहा मिनिटांत काम होतं. पण ही गाडी तशी नाही.

मंगळवार, ५ मार्च (संध्याकाळी, कामावरून आल्यावर)

माझे काका कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर होते. त्यांना फोटो पाठवला होता, त्यांचा फोन आला.

"आगं, मधला स्पेसर कुठं हाय?"

"नव्हताच, काका."

"मग ती ॲक्सल नुसती काठीसारखी लोंबकळती की!"

एवढ्यात त्यांनी सगळं सांगितलं. स्टब ॲक्सल, म्हणजे जिच्यावर पुढचा हब फिरतो ती, ही एका टोकाला धरलेली सळई. चाकाचा धक्का तिला प्रत्येक वळणावर वाकवतो. स्पेसर आणि शिम असले की नट जोरात आवळता येतो. मग आतलं बेअरिंग, स्पेसर, शिम, बाहेरचं बेअरिंग, वायसर आणि नट हे सगळं ॲक्सलवर एकसंध दाबलं जातं आणि त्या बारीक सळईला जाड नळीचं बळ येतं. बेअरिंगचा खेळ नटाच्या आवळण्यावर ठरत नाही, शिमच्या जाडीवर ठरतो. म्हणूनच नट ४० ते ७० फूट-पाउंड, म्हणजे ५४ ते ९५ न्यूटन-मीटर आवळूनही चाक मोकळं फिरतं. स्पेसर काढला की नट आवळताच येत नाही, कारण आवळला तर बेअरिंग चिरडतं. मग ॲक्सल एकटी पडते.

दोन्ही बाजूंची बेअरिंग, सील, एक स्पेसर आणि शिमचा जोड मागवला. शिम ३, ५ आणि १० थाऊच्या येतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरात अजून हाच शब्द चालतो आणि या गाडीचं पुस्तकही हीच भाषा बोलतं, त्यामुळे या कामात काका आणि मी एकमेकांना लगेच समजतो.

शनिवार, ९ मार्च

आधी डावीकडचं उघडून बघितलं. तिथे स्पेसर होता, शिमही होत्या. म्हणजे एकाच गाडीच्या एका चाकाला आधार आणि दुसऱ्याला नाही, आणि अशी ती किती वर्षं पळत होती कोण जाणे.

उजवीकडची जुनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन टेबलाच्या दिव्याखाली धरली. बाहेरच्या बेअरिंगच्या कपावर, म्हणजे हबमध्ये बसणाऱ्या कड्यावर, जिथे रोलर फिरतात त्या आरशासारख्या पट्ट्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत पापुद्रा सुटला होता. नख फिरवलं तर अडकत होतं. घरघर तिथली. आतल्या बेअरिंगचं कडं ॲक्सलवर फिरत राहिल्यामुळे ॲक्सलवर तांबूस-तपकिरी भुकटी आणि झिजलेली रेघ होती.

त्या रेघेमुळेच मनात आलं की भेग बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन डब्यांचा साधा संच मिळतो: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा. ॲक्सल स्वच्छ पुसून लाल फवारा मारला, वीस मिनिटं ठेवला. मग तो फडक्याने पूर्ण पुसला. साफ करायचा फवारा थेट ॲक्सलवर मारून धुवायचं नाही, नाहीतर भेगेतला रंगही निघून जातो. वरून पांढरी भुकटी. पोलाद चुन्यासारखं पांढरं झालं आणि मी बघत बसले.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला, जिथे ॲक्सल जाड होते त्या गोलाईत, खालच्या अंगाला केसाएवढी गुलाबी रेघ उमटली. हळूहळू लाल झाली. लांबी साधारण आठ मिलिमीटर.

पुसून पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. कदाचित जुन्या हत्याराचा ओरखडा असेल म्हणून बारीक एमरी फिरवून तिसऱ्यांदा केलं. रेघ हटली नाही.

पोटात गोळा आला. मागच्या आठवड्यात मुलीला मागच्या सीटवर बसवून मी या चाकावर ऑक्सफर्डला जाऊन आले होते. स्पेसर नसल्यामुळेच भेग पडली हे सिद्ध करायला माझ्याकडे दुसरं साधन नाही, पण वाकून वाकून थकलेल्या पोलादाला भेग नेमकी जिथे पडते, तिथेच ती होती. ही ॲक्सल पुन्हा वापरायचा प्रश्नच नाही.

शनिवार, १६ मार्च

पुन्हा तयार केलेली उजवी स्टब ॲक्सल, नव्या किंगपिन आणि बुशसह, बदली तत्त्वावर मिळाली. जुनी परत द्यावी लागते. भेगेभोवती पिवळ्या खडूने वर्तुळ काढून आणि चिठ्ठी बांधून पाठवली, म्हणजे चुकून कोणी ती रंगवून पुन्हा विकायला नको. आलेलीवरही आधी लाल रंगाची तपासणी केली. स्वच्छ.

बसवण्याचं काम सरळ, फक्त स्प्रिंगच्या ताटाखाली जॅक ठेवल्याशिवाय वरचा बोल्ट काढायचा नाही. दाबलेली स्प्रिंग माणूस ओळखत नाही. किंगपिनच्या निपलांमध्ये ग्रीस गन मारली, जुनं सवयीचं काम. दिवस त्यातच गेला.

रविवार, १७ मार्च

कप बसवणे. हबमधले जुने कप पितळी ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या सळईने, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला ठोकत काढले. हबच्या आतल्या खांद्यांवर, म्हणजे कप जिथे टेकतात त्या कडांवर, ड्रिफ्टचे जुने ओरखडे उठले होते, ते बारीक कानशीने सपाट केले. नवे कप काल रात्रीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले होते, मटार आणि खवलेल्या खोबऱ्याच्या शेजारी. साठ मिलिमीटरचं पोलादी कडं चाळीस अंशांनी थंड झालं की जेमतेम एक थाऊ आकसतं. ऐकायला काहीच नाही, पण दाबून बसायच्या कामात एक थाऊ म्हणजे फार मोठी सोय. हब ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तापवला.

काकांना व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवला होता. कप अर्ध्यापर्यंत नुसता हाताने गेला, पुढे जुन्या कपाला बाहेरून घासून केलेल्या कड्याने ठोकला. ठप. ठप. ठप. मला वाटलं बसला.

"न्हाई बसला अजून," काका म्हणाले. त्यांना चित्र नीट दिसतही नव्हतं. "आवाज बदलला न्हाई. मार की आणखी."

आणखी तीन ठोके. ठप, ठप, टण्. हातोडीच्या दांड्यातून तळहाताला वेगळाच कडक झटका आला. तोवर कप हवेवर होता, आता खांद्याला टेकला होता.

"हां. आता थांब. आता मारलंस तर फोडशील."

सात हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून, फोनच्या चिमुकल्या माइकमधून आलेला तो फरक त्यांनी माझ्या आधी ओळखला.

शनिवार, २३ मार्च

आजचा दिवस मोजमापाचा, आणि या सगळ्या कामातला माझा आवडता.

पुस्तकात हवा असलेला खेळ २ ते ४ थाऊ, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. मोजताना सील लावायचं नाही आणि ग्रीस भरायचं नाही, बेअरिंगला फक्त पातळ तेलाचा हात. आधी शिमशिवाय जुळवून, हब फिरवत फिरवत नट हळूहळू घेतला, हब किंचित जड लागेपर्यंत. हे फक्त कप आणि रोलर जागेवर बसावेत म्हणून. मग उघडून मुद्दाम जास्त शिम घातल्या: १०, १०, ५, ३ आणि ३, एकूण ३१ थाऊ. नट ४० फूट-पाउंड. डायल गेजचं चुंबकी बूड डिस्कवर, सुई ॲक्सलच्या टोकावर. हब दोन्ही हातांनी सरळ आत ढकलायचा, सरळ बाहेर ओढायचा. डोलवायचा नाही, नाहीतर सुई खोटं सांगते. प्रत्येक वेळी आधी चार-पाच फेरे.

०.३६, ०.३५, ०.३६. म्हणजे १४ थाऊ. मला ३ हवेत, तर ११ थाऊच्या शिम काढायच्या: ५, ३ आणि ३. उरल्या दोन दहाच्या. प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजूनच घेतली होती, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबले नाही. एक पाचची म्हणून आलेली शिम प्रत्यक्षात सहाची निघाली होती.

पुन्हा जुळवलं, पुन्हा ४० वर आवळलं. पिनचं भोक खाचेसमोर नव्हतं, म्हणून नट पुढे घेत गेले आणि साधारण ५५ वर ते जुळलं. पिनसाठी नट मागे कधीच घ्यायचा नाही. डायल: ०.०८, ०.०८, ०.०८. ३ थाऊ.

चाकाविना उघडा हब बोटाने ढकलला. तो बिनआवाज फिरत राहिला, आणि थांबला तेव्हाही अचानक न थांबता हळूच विसावला. नवऱ्याला आणि मुलीला बोलवून दाखवला.

रविवार, २४ मार्च

शेवटचं जुळवणं. सगळे भाग धुऊन जुन्या ग्रीसचा अंशही ठेवला नाही. कोणतं ग्रीस होतं ते माहीत नसताना त्यावर नवं भरलं तर दोन्ही एकमेकांत फाटून पातळ होऊ शकतात. नवं लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरांच्या वरच्या फटीतून ते शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. एका बेअरिंगला पाच मिनिटं लागतात आणि द्यावीत.

सीलची ओठाची बाजू आत, बेअरिंगकडे. ओठाला ग्रीसचं बोट फिरवलं, कोरडं सील पहिल्या मैलातच जळतं. सील ज्या कॉलरवर घासतं तो कॉलरही नवा. जुन्यावर सीलने खोबण पाडली होती, आणि अशा खोबणीवर नवं सीलही गळतंच. सपाट लाकडी ठोकळ्याने सील हबच्या कडेशी बरोबरीत बसवलं. बेअरिंगच्या मधल्या पोकळीत थोडंसं ग्रीस, टोपी रिकामी. स्प्लिट पिन नवी.

शनिवार, ३० मार्च

ईस्टरची सुट्टी. डावी बाजूही नव्या बेअरिंगांवर घेतली. सराव झाल्यामुळे भराभर उरकलं. कप फ्रीझरमधून काढले, तापलेल्या हबमध्ये जवळजवळ आपोआप गेले, वरून दोन ठोके दिले आणि पुढे गेले. शिम लावून खेळ ०.०७ आला. संध्याकाळी साठ मैलांची चक्कर मारली. घरघर गेली. वळणानंतर पेडल पहिल्याच दाबाला वर. हायसं वाटलं.

रविवार, ३१ मार्च

नियम म्हणून पहिल्या चकरेनंतर दोन्ही चाकं पुन्हा मोजली. उजवं ०.०८, जसंच्या तसं. डावं ०.१९.

उघडलं. बाहेरचा कप काढून त्याच्या मागे बघितलं तर खांद्यावर जुन्या ड्रिफ्टने उचललेली तांदळाच्या कणीएवढी धार होती, आता चेपून चकाकत होती. उजवीकडे कानस फिरवली होती, डावीकडे फिरवली नव्हती. कप त्या कणीवर टेकून बसला होता आणि रस्त्यावरच्या दणक्यांनी कणी चेपत तो आत सरकला. थंड कप अलगद आत गेला म्हणून मी 'टण्' ऐकायची वाटच पाहिली नाही. चूक माझीच आहे आणि ती इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. फ्रीझरमुळे कप सोपा जातो, पण तो टेकला की नाही हे हातोडीच सांगते. कप गरम होऊन घरच्या तापमानाला आला की पुन्हा एकदा गोल ठोकून आवाज ऐकायचा.

शनिवार, ६ एप्रिल

डावा खांदा सपाट केला. तोच कप तपासून परत घेतला, त्यावर डाग नव्हता. सील मात्र नवं, एकदा काढलेलं सील पुन्हा लावत नाही. ठोकलं, ऐकलं. टण्. तासाभराने थंड झाल्यावर पुन्हा ठोकून ऐकलं. शिम नव्याने मोजल्या, आधीपेक्षा १३ थाऊ कमी निघाल्या. शेवटचं वाचन ०.०७.

गाडीखाली होतेच म्हणून मागच्या ॲक्सलकडेही बघितलं. डाव्या मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला नव्वद नंबर तेलाचा ओलावा आहे. सील बदलायला सगळं उघडण्याआधी ॲक्सलच्या नळीवरचा श्वासाचा निपल काढून बघितला, तर तो चिखलाने पूर्ण बुजलेला. तेल गरम झालं की आतल्या हवेला बाहेर जायला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. निपल साफ केला, ड्रम उघडून पुसला. ब्रेकच्या पट्ट्यांपर्यंत तेल अजून पोचलेलं नाही. दोनशे मैलांनी पुन्हा बघायचं. तरीही ओल दिसली तर मागचा नट १५० फूट-पाउंडांचा आहे, त्यासाठी लांब नळी आणि दोन माणसं लागतील.

मंगळवार, ९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून कामावर. संध्याकाळी साडेसहाला, उजेड होता तोवर, तिघं गाडी घेऊन निघालो. स्टिअरिंगला झेंडूची छोटी माळ, इथल्या भारतीय दुकानात मिळालेली. केनिलवर्थचं ते वळण आलं तेव्हा मी खिडकी खाली केली. टायरचा आवाज होता, इंजिनाचा होता. बाकी काही नाही.

घरी येऊन चारही हबांना हात लावला. पुढचे दोन्ही सारखेच कोमट. काकांना फोन केला. त्यांनी तब्येत, गुढी, मुलीची परीक्षा सगळं विचारून झाल्यावर हळूच विचारलं, "उजवीचा खेळ?" सांगितलं: पुन्हा मोजला, ०.०८.

उरलेल्या शिम मोजून, प्रत्येकीवर जाडी लिहून चहाच्या छोट्या डबीत ठेवल्या आहेत. झाकणावर दोन्ही चाकांना किती थाऊच्या शिम आहेत तेही खिळ्याने कोरलं आहे. डबी गाडीच्याच हातमोज्यांच्या कप्प्यात राहील. पुढच्या वेळी हा हब ज्याच्या हातात येईल, त्याला दोन्ही बाजूंना स्पेसर आहे हे उघडण्याआधीच कळेल.

पुढची मोजणी: ५०० मैलांनी.